बोलणारा पांगुळगाडा

आमच्याकडे पाळणा आजोळचा आणि पांगुळगाडाही आजोळचाच. मूल झोपवायची आणि पुढे ते पायांवर उभं करायची जबाबदारी मुलीच्या बापाची. मधल्या काळात ते सासरच्यांचं असतं. त्यामुळे नातवाचा पहिला वाढदिवस जवळ आला तसा मी केजातल्या आमच्या सुताराला निरोप देऊन ठेवला. तीन चाकं, वर धरायला आडवा दांडा, कडा नीट घासलेल्या. माझ्या मुलीचा पांगुळगाडा त्याच्याच वडिलांनी केला होता. त्याचं एक चाक कुरकुरायचं आणि त्या आवाजावरून मुलगी घरात कुठे पोचली आहे ते आम्हाला बसल्या जागी कळायचं. त्या काळी खेळणं एवढंच बोलायचं आणि ते पुरायचं.

मग मुलीचा फोन आला. "अण्णा, लाकडाचा नको. बोलणारा पाहिजे."

मी म्हणालो की तुझ्या सासरी बोलणाऱ्यांची कमतरता असल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. एरवी ती हसली असती. हसली नाही. म्हणाली, आणताना एकटे जाऊ नका, मी येते, मला स्वतः बघून घ्यायचाय. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. नव्या आयांना सगळंच बघून घ्यायचं असतं.

तिचं सासर म्हणजे माझ्या बहिणीचंच घर. आक्का माझ्याहून मोठी. तिच्या मुलाला माझी मुलगी दिली. मामाची मुलगी करायची ही आमच्याकडची जुनी रीत आहे. तिचा एक फायदा असा, की लग्नात व्याह्यांची भांडणं होत नाहीत, कारण ती आधीच होऊन गेलेली असतात. आक्काचे यजमान, म्हणजे माझे दाजी आणि आता व्याही, हे पुढारी आहेत. कुठल्या पक्षाचे ते सांगत नाही, कारण हे छापून येईपर्यंत ते बदललेलं असू शकतं. माजलगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचं घर आहे, मागे ऊस आहे, पुढे कमान आहे, आणि कमानीवर वर्षभर कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असतो.

दाजी वाईट माणूस नाहीत. अडल्यानडल्याला गाडी देतात, दवाखान्यात ओळख काढतात, मयतीला सगळ्यांच्या आधी पोचतात. फक्त त्यांच्या घरात काही उणं आहे असं सांगितलेलं त्यांना चालत नाही. एका पोळ्याला जनावरांच्या डॉक्टरने सगळ्यांसमोर सांगितलं, की तुमच्या ह्या बैलाचा एक डोळा गेलेला आहे. डॉक्टरची बदली झाली. बैलाला त्या डोळ्याने नंतरही दिसलं नाही, पण तसं म्हणणारं गावात कुणी उरलं नाही.

नातवाची कीर्ती निवडणुकीच्या मिरवणुकीपासून सुरू झाली. ग्रामपंचायतीला दाजींचं पॅनल निवडून आलं होतं. जेसीबीच्या फावड्यातून गुलाल आणि झेंडूच्या पाकळ्या ओतल्या जात होत्या, डीजेच्या ठोक्याने खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. कमानीपाशी कुणीतरी सुतळी बॉम्बची लड पेटवली. गोठ्यातल्या कालवडीने दावं तोडलं आणि ती उसात घुसली. आक्काने पदर कानांवर दाबला. मी, साठी उलटलेला माणूस, खांबामागे गेलो. दाजींच्या खांद्यावर बसलेला नातू मात्र हाताला लागलेली पाकळी चोखत निवांत होता. बॉम्ब त्याच्या पाठीमागे फुटत होते आणि त्याची पापणीसुद्धा हलत नव्हती.

"बघा बे," दाजी कार्यकर्त्यांना म्हणाले, "दचकलं का पोरगं? वाघ हाय, वाघ."

कार्यकर्त्यांना एवढं पुरतं. आठवडाभरात कमानीवर नातवाचा फ्लेक्स लागला. काळा गॉगल, कपाळाला गंध, मागे झेपावणारा वाघ, आणि खाली मजकूर: 'आवाज कुणाचाही असो, हा दचकत नाही.' त्याखाली शुभेच्छुकांचे चेहरे, पासपोर्ट आकाराचे. त्यातला एकही चेहरा बाळाइतका शांत नव्हता.

मीही हसलो होतो. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो आणि त्यात दरबारी भाट आणि त्यांची कवनं हा माझा विषय होता. इथे सगळा अभ्यासक्रम कमानीवर टांगलेला होता. पण खरं सांगायचं तर आजोबा म्हणून मलाही बरं वाटलं होतं. हंगामात त्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जातात. प्रत्येक ट्रॅक्टरवर मुलीच्या लग्नाला पुरतील एवढे स्पीकर असतात. घरातल्या मोठ्यांचं बोलणं अर्ध्यात तुटतं, ट्रॅक्टर गेला की पुढे सुरू होतं. बाळ पडवीतल्या झोळीत झोपलेलं असायचं, ते झोपलेलंच राहायचं. लई शांत पोर हाय, असं येणारी-जाणारी प्रत्येक बाई म्हणायची. बारशाला त्याच्या आत्याने कानाशी तोंड नेऊन नाव सांगितलं, बायकांनी पाठीत धपाटे घालत कुर्रर्र केलं, तेव्हाही ते शांतच होतं. सगळ्यांना ते फार गुणी वाटलं.

बीडच्या दुकानात मुलगी बाळाला घेऊन आली. सासरची गाडी आणि ड्रायव्हर तिने चहाला म्हणून स्टँडकडे पाठवून दिला. तो गेल्याची खात्री करूनच ती आत शिरली.

दुकानदाराने आधी गोल, मधे बसवायचे वॉकर दाखवले. ते तिने हातानेच बाजूला सारले. बसून चालायला शिकणं हे मला पुढाऱ्यांना साजेसं वाटलं, पण तिने डॉक्टरांचा हवाला दिला. मग मागून ढकलायचे आले. आमच्या लाकडी पांगुळगाड्याचेच वंशज, फक्त घराण्याला पैसा आल्यासारखे दिसणारे. पुढे एक मोठी पाटी, तिच्यावर प्राणी, पियानोची बटणं, फिरणारी चक्रं, आणि तारेचा फोन, जसा ह्या मुलाने जन्मात पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही.

"इंटरॅक्टिव्ह हाय, सर," दुकानदार मला म्हणाला. "पोराशी बोलतं. पोरानं दाबलं की उत्तर देतं."

मी म्हणालो की आमच्या कॉलेजात असे प्राध्यापक मिळाले असते तर बरं झालं असतं. त्याने एक बटण दाबलं. पाटीवर रंगीत दिवे पळायला लागले आणि एक बाई परदेशी इंग्रजीत म्हणाली, वेलकम टू अवर लर्निंग फार्म. गायीचं बटण दाबलं की गाय 'मू' म्हणाली. आमच्याकडची गाय असं म्हणत नाही, पण दाखवायची गाय म्हणून ठीक होती. बाळ काउंटरवर बसलं होतं. दिवे बघून ते आनंदाने दोन्ही हात आपटायला लागलं. मला वाटलं, झालं काम. घ्या आणि चला.

मुलीने विचारलं, "ह्याचे लाइट बंद करून नुसता आवाज चालू राहतो का?"

दुकानदार गोंधळला. त्याच्या सांगण्यानुसार लोक नेमकं उलटं विचारतात. आयांना आवाज बंद करायचा असतो, दिवे चालतात. ह्यात एकच बटण होतं, दोन्ही बरोबर चालू, दोन्ही बरोबर बंद. तिने तो नाकारला. दुसऱ्याचं रंगकाम छान होतं, पण तोही तसाच. एकाचा फक्त आवाज कमी-जास्त व्हायचा. तिने चाकं पाहिली नाहीत, गाडा पुढे निसटतो का ते पाहिलं नाही, उलटतो का ते पाहिलं नाही. मीच वाकून दांडा हलवून बघत होतो आणि फरशीवर हा फार पळेल असं काहीतरी बडबडत होतो. ती फक्त दिव्यांचं बटण शोधत होती. दुकानदाराने शेवटी माळ्यावरून एक खोका काढला. त्या गाड्याच्या पाटीमागे दोन वेगळी बटणं होती आणि चाकं घट्ट करायचा स्क्रूही होता.

"अण्णा, त्याला मांडीवर घ्या," ती म्हणाली. "रस्त्याकडे तोंड करून."

मी स्टुलावर बसलो. बाळ रस्त्यावरची एक म्हैस पाहण्यात गुंगलं. मुलगी आमच्या मागे गेली. मला बटण दाबल्याचं ऐकू आलं नाही. एकदम ती इंग्रजी बाई माझ्या मानेशी ओरडली आणि मी स्टुलावरून उठता उठता राहिलो. बाळ म्हैस पाहत होतं. तिने पुन्हा दाबलं. गाय, बदक, घोडा, पियानो. बाळाची मान माझ्या हनुवटीखाली होती. ती तसूभरही हलली नाही.

"शांत हाय पोरगं," दुकानदार कौतुकाने म्हणाला.

"हो," मुलगी म्हणाली. "सगळे तेच म्हणतात. हा बांधून द्या."

स्टँडकडे जाताना रसवंतीवर आम्ही बसलो. घुंगरं वाजवत चरक चालू होता. बाळ चरकाचं चाक बघत होतं, घुंगरांकडे त्याचं लक्ष नव्हतं. हे मला आता दिसायला लागलं होतं आणि दिसायला लागल्यावर ते थांबवता येईना.

ती हळू आवाजात सांगत गेली. पूर्वी तो बाब्बा, बाब्बा असं काहीतरी करायचा, तेही मधेच बंद झालं. तिने स्वयंपाकघरात त्याच्या मागे ताट वाजवून पाहिलं. आत्या, म्हणजे आमची आक्का, धावत आली आणि म्हणाली की ताट वाजवू नये, घरात भांडणं होतात. डोस द्यायला येणाऱ्या नर्सबाईंना तिने एकट्यात विचारलं. त्या म्हणाल्या, कान तपासून घ्या आणि लवकर घ्या. काही असेल तर आता त्याला यंत्र बसवता येतं, पण जितका उशीर तितकं बोलणं अवघड. तिने नवऱ्याला सांगितलं. माझा भाचा स्वभावाने गरीब आहे. तो म्हणाला, वाढदिवस होऊ दे. मग म्हणाला, कारखान्याची निवडणूक होऊ दे. बापाला हे सांगायचं कुणी, एवढाच त्याचा खरा प्रश्न होता.

"मी सांगितलं तर मी वाईट," ती म्हणाली. "तुमी सांगितलं तर तुमी, आन् मग माझं तिथं राहणं अवघड. ह्या यंत्रानं सांगितलं तर?"

मी खोक्याकडे पाहिलं. खोक्यावर एक गोरं बाळ हसत होतं. यंत्राची बदली करता येत नाही, हे खरं होतं. पण सुनेची करता येते. आमच्या भागात पहिलं मूल मनासारखं झालं नाही म्हणून मुलाचं दुसरं लग्न लावल्याच्या गोष्टी मी परक्या घरांबद्दल ऐकल्या आहेत. त्या परक्याच घरांच्या असतात, तोवर ऐकायला सोप्या जातात. मी तिला म्हणालो, तू म्हणशील तसं. रस तसाच राहिला.

घरी येताना मला एक बाई आठवली, जिला मी कितीतरी वर्षांत आठवलं नव्हतं.

दाजींना एक थोरली बहीण होती. दाजी तिला ताई म्हणायचे, बाकी सगळे मुकी म्हणायचे. मी कॉलेजात शिकत असताना दिवाळीला आक्काकडे जायचो तेव्हा ती गोठ्याशेजारच्या खोलीत असायची. पाहुणे आले की ते दार ओढून घेतलं जायचं. तिला बोलता येत नाही एवढंच सांगितलं जायचं. ऐकू येत नाही असं कुणी म्हणत नसे. हाक मारली तर येत नाही, हट्टी आहे, असं म्हणत. गाय हंबरायला लागली की ती उठून तिच्या गळ्याला तळहात लावून उभी राहायची. मला ती माया वाटायची. ती वारली तेव्हा दाजी राजकारणात नवे होते. आज त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर पणज्यापासूनचे फोटो आहेत, देशातल्या बड्या माणसांबरोबरचे दाजींचे आहेत, तो बैलसुद्धा आहे, चांगल्या डोळ्याच्या बाजूने काढलेला. तिचा नाही. त्या खोलीत आता जुने फ्लेक्स गुंडाळून ठेवतात.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मी गाडा घेऊन गेलो. अंगणात मांडव चढत होता. पडवीत दाजी खुर्चीत होते, आक्का दाराशी कोथिंबीर निवडत होती, जावई मांडववाल्यांशी बोलत उभा होता. मुलीने मला पाणी दिलं आणि ती खोक्याशेजारी उभी राहिली.

"काय आणलं, मास्तर?" दाजींनी विचारलं.

मी पांगुळगाडा म्हणालो. त्यांनी खोका स्वतः फोडला. "ह्याला पांगुळगाडा म्हणता? हे तर पार विमान हाय." त्यांनी पहिलंच बटण दाबलं आणि बाईने स्वागत केलं. "इंग्रजी बोलतंय," दाजी समाधानाने म्हणाले. "पोरगं आता थेट दिल्लीलाच."

दिवे पळत होते. बाळ रांगत आलं, दांड्याला धरून उभं राहिलं आणि त्याने पावलं टाकली. दाजींनी अशी आरोळी ठोकली की मांडवावरचा माणूस दोर सोडता सोडता राहिला. बाळ बसलं, वळलं आणि झेंडूच्या ढिगाकडे रांगत निघालं. त्याची पाठ आमच्याकडे होती. मुलगी गाड्यापाशी उकिडवी बसली, तिने पाटीमागे हात घातला. दिवे विझले.

दाजींनी गायीचं बटण दाबलं. गाय ओरडली. बाळ झेंडू तोडत होतं. दाजींनी पुन्हा दाबलं. मग घोडा, मग पियानो, मग आवाज मोठा केला. मांडववाले वळून पाहायला लागले. गोठ्यातली कालवड कान टवकारून उभी राहिली. दाजींनी टाळी वाजवली. "ए वाघा," ते म्हणाले. मग आणखी जोरात म्हणाले. बाळाने एक पाकळी उचलून उजेडात धरली.

दाजींचं बोट बटणावरच राहिलं. यंत्र एकच गाणं म्हणत होतं, ते संपलं की पहिल्यापासून म्हणत होतं.

"सेल उतरले असतील," दाजी म्हणाले.

गाणं अंगणाच्या पलीकडे रस्त्यापर्यंत जात होतं. जावयाने मान खाली घातली. मी इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. दरबारात राजा दिवसाला रात्र म्हणाला की लोक काय करतात ते मुलांना हसत हसत सांगायचो. प्रत्यक्षात त्यात हसण्यासारखं काही नसतं. सगळे आपापल्या पायांकडे बघत असतात आणि त्यातला एक आपण असतो.

आक्का कोथिंबिरीतून मान वर न करता बोलली. "सेल चांगले हायेत." तिने काड्या बाजूला टाकल्या. "तुमच्या ताईलाबी सगळे असंच म्हणायचे. ऐकत न्हाई, हट्टी हाय. भाकरी मी न्यायचे. मला ठावं हाय."

मी आक्काला त्या घरात असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. दाजी उठले. मला वाटलं, आता सगळं फुटणार. मुलीकडे ते बघतील, ती गाडी, तो ड्रायव्हर, ते बीडला जाणं, सगळं एकत्र जुळवतील. त्यांनी मुलीकडे खरंच पाहिलं, नको इतका वेळ पाहिलं. मग चपला घातल्या, अंगणात गेले आणि दोर नीट बांधला नाही म्हणून मांडववाल्यांना शिव्या देत राहिले. आक्काने गाडा बंद केला.

त्या रात्री मला तिथेच ठेवून घेतलं. जेवताना जावयाने सांगितलं की बापूंनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, डीजेवाल्याला आणखी स्पीकर आणायला सांगितलेत. का, ते त्याला कळलं नव्हतं. मला कळलं.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. केक बाळाहून मोठा होता. दाजींनी बाळाला उचललं आणि मंचावर खुर्चीत न बसता ते स्पीकरच्या भिंतीशेजारी जाऊन उभे राहिले. ठोका छातीत बसत होता, पत्रावळीतली बुंदी हलत होती. लोक हार घालायला येत होते, दाजी मान पुढे करत होते, पण त्यांचं लक्ष गर्दीकडे नव्हतं. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गर्दीकडे पाठ करून उभं राहिलेलं पाहिलं. ते फक्त बाळाच्या तोंडाकडे बघत होते. निवेदक माइकवरून सांगत होता की हा वारसा आहे, हे वाघाचं काळीज आहे, ह्या पोराला भीती शिवलेली नाही. बाळ दाजींच्या खिशातल्या पेनाशी खेळत होतं.

कमानीखाली लड पेटली. मुलगी माझ्या शेजारी होती, तिने माझं मनगट धरलं. पहिला सुतळी बॉम्ब फुटला आणि दाजी स्वतः दचकले. मग त्यांनी बाळाला छातीशी घेतलं आणि दोन्ही पंजे त्याच्या कानांवर ठेवले.

लोकांना त्यात आजोबाची माया दिसली. कुणीतरी मोबाइल वर करून फोटो घेतला. तो दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरला. बाळाला तो खेळ वाटला. ते दाजींची बोटं एकेक करून सोडवायला लागलं. लड संपली तरी दाजींनी हात काढले नाहीत.

संध्याकाळी पंगती उठल्यावर त्यांनी मुलीला गोठ्याकडे बोलावलं. मीही गेलो, मला कुणी थांबवलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"सकाळी गाडी सांगितलीय," ते तिला म्हणाले. "पुण्याला जा. मागच्या दारानं निघा. कुणी इचारलं तर देवाला चाललो म्हणायचं. तिथं आडनाव मोठ्यानं सांगत बसू नका."

ती हो म्हणाली. मग म्हणाली, "आन् काही निघालं तर, मामा?"

सासऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात. दाजी ताईच्या त्या खोलीकडे बघत होते. दार उघडंच होतं, आत फ्लेक्सच्या गुंडाळ्या उभ्या होत्या.

"ताईला कुणी कुठंच नेलं न्हवतं," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

हे तिच्या प्रश्नाचं उत्तर होतं की नाही ते मला अजून सांगता येणार नाही. त्यात आशा होती असं मुलीला वाटलं. मला त्या मागच्या दाराचीच जास्त भीती वाटत होती, कारण मागचं दार त्या घरात पूर्वीही होतं.

पहाटे आम्ही निघालो. जावई पुढे बसला होता, ड्रायव्हरला कुठला देव ते सांगताना अडखळला, आणि ड्रायव्हरने, जुना माणूस असल्यामुळे, दुसऱ्यांदा विचारलं नाही. आक्का दाराशी उभी होती. तिने बाळाच्या हाताला काळा दोरा बांधला आणि आत गेली. मागच्या वाटेने उसातून फिरून रस्त्याला लागलं तरी कमान लागतेच. गॉगल घातलेलं बाळ वरून आमच्याकडे बघत होतं. खाली अक्षरं अजून ओली असल्यासारखी चमकत होती. जावयाने खिडकीची काच वर केली.

गाडा मुलीने बरोबर घेतला होता, पायांशी आडवा ठेवून. धारूरकडच्या घाटात रस्ता खराब आहे. गाडी आदळली की कुठलं तरी बटण दाबलं जायचं आणि ती बाई म्हणायची, वेलकम टू अवर लर्निंग फार्म. कुणी ते बंद केलं नाही. बंद केलं असतं तर गाडीत बोलावं लागलं असतं.

बाळ आईच्या मांडीवरून खाली झुकलं आणि त्याने पाटीवर तळहात टेकवला. गाडी आदळली. गाय ओरडली. पाटी थरथरली. त्याने हात उचलला, हाताकडे पाहिलं, पुन्हा ठेवला आणि ते पुढच्या खड्ड्याची वाट बघत बसलं. गाणं सुरू झालं की ते वर बघायचं, आमच्या तिघांच्या तोंडाकडे, आळीपाळीने.

मुलगी वाकली आणि पाटीमागे बटण चाचपायला लागली. मला वाटलं, आता बंद करते आहे. तिने दिवे चालू केले.